चारशे रुपयांची बचत

सर्वपित्री अमावास्येचा दिवस होता. २१ सप्टेंबर २०२५, रविवार. पितरांची पानं वाढून झाली होती, खिरीचं पातेलं नुकतंच खाली उतरवलं होतं आणि फोन वाजला. आमच्या बचत गटातल्या एका ताईंचा. आवाज असा कापत होता, की आधी मला काही समजेचना. ‘बाई, गाडीचा ब्रेक गेला ओ घाटात... पोरगं वाचलं...’ एवढंच बोलून त्या रडायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी घटस्थापना. आपल्याकडच्या वाचकांना सांगायला नको, त्या दोन दिवसांत तुळजापूरच्या रस्त्यावर काय गर्दी असते ते. गावोगावची तरुण पोरं भवानीआईच्या देवळातून ज्योत पेटवून घेतात आणि अनवाणी धावत आपापल्या गावाला निघतात. ताईंचा मुलगा तुळजापूरच्या दुकानांत आमच्या गटाच्या कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी पोचवून रिकामी पिकअप घेऊन परत येत होता. पावसाची रिपरिप चालू होती. घाट उतरताना त्यानं ब्रेक दाबला तर पेडल पार तळाला गेलं. पुढं ज्योत घेतलेली पंधरा-वीस पोरं धावत होती.

पोरगं डोक्यानं शांत. त्यानं हॉर्नवरचा हात काढला नाही, तिसऱ्याचा दुसरा, दुसऱ्याचा पहिला गिअर टाकला आणि गाडी डोंगराच्या बाजूला, गटारीच्या कठड्याला घासत घासत थांबवली. कुणाला साधं खरचटलंही नाही. ज्योतवाली पोरं परत फिरून आली, त्याला पाणी पाजलं, ‘आईनं वाचवलं’ म्हणाली आणि पुन्हा धावत सुटली.

आईनं वाचवलं हे खरंच. पण ब्रेक का गेला, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं, आणि ते कळल्यापासून मला नीट झोप लागली नाही. कारण त्यात माझा हात होता.

ही गाडी म्हणजे ताईंचं घरच आहे म्हणा ना. त्यांच्या नवऱ्यानं २०१४ मध्ये कर्ज काढून नवी घेतली. मार्केट यार्डातला कांदा, चादरींचे गठ्ठे, लग्नाचं सामान, मिळेल ते भाडं मारलं. २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत ते गेले. गाडी ताईंच्या नावावर झाली, मुलानं लायसन काढलं आणि तेव्हापासून आमच्या गटाचा सगळा माल तीच गाडी नेते. मीटरवर ४ लाख १० हजार किलोमीटर. परवा मी नातवंडांच्या वयाच्या मुलांना सांगत होते, पृथ्वीपासून चंद्र सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे. म्हणजे आमची गाडी चंद्रावर पोचून परतीच्या वाटेला लागलेली!

तर गेल्या उन्हाळ्याआधी मागच्या चाकांचे ब्रेक-लायनर बदलायला झाले होते. आमचे मिस्त्री, सगळे त्यांना चाचा म्हणतात, होटगी रस्त्याच्या बाजूला त्यांचं पत्र्याचं शेड आहे. त्यांनी ताईंना दोन भाव सांगितले. कंपनीचा सेट १,०५० रुपये, बाजारातला साधा ६५०. ताईंनी मला विचारलं, कारण गटाचा हिशेब मी बघते. मी काय म्हणावं? ‘अहो, लायनर तो लायनर. चारशे रुपये कशाला घालवता?’ चाचा म्हणाले होते, ‘बाई, हे नको घ्या. भांडं नाही ते, ब्रेक हाय.’ मला वाटलं, म्हाताऱ्याला दुकानदाराकडून कमिशन मिळत असणार. भाजीवाल्याशी घासाघीस करायची सवय आपल्याला. चारशे वाचवले म्हणून मी ते गटाच्या वहीत कौतुकानं लिहूनसुद्धा ठेवलं होतं.

घटस्थापनेच्या दिवशी दुपारी आम्ही दोघी शेडवर गेलो. चाचांनी मागचं चाक आणि ड्रम काढून ठेवला होता. त्यांनी माझ्या हातात दोन तुकडे दिले. एक लोखंडी कमानीसारखा, त्याला ब्रेक-शू म्हणतात. दुसरा काळपट जाड पट्टीचा, तो लायनर. खरं तर हे दोन्ही एकमेकांना घट्ट चिकटलेले किंवा रिबिट मारलेले असतात. आपण पेडल दाबलं, की तेलाच्या दाबानं एक छोटी नळी, म्हणजे व्हील सिलिंडर, या कमानी बाहेर ढकलते आणि लायनर फिरत्या ड्रमला आतून घासून चाक थांबवतो. घाट उतरताना घासून घासून सगळं तापतं. स्वस्त लायनरचं चिकटवण त्या उष्णतेत सुटलं. पट्टीच निघून पडली, तेव्हा सिलिंडरमधले दट्टे हद्दीबाहेर सरकले, तेल गळून गेलं आणि पेडल तळाला. पुढच्या चाकांचा ब्रेक थोडाफार धरत होता म्हणून निभावलं.

चाचांनी एका शब्दानं मला बोल लावला नाही. ‘होतं असं,’ म्हणाले. त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

त्यात त्याच आठवड्यात सीनेला महापूर आला. माढा, मोहोळ, करमाळा, उत्तर सोलापूर, गावंच्या गावं पाण्यात. लांबोटीजवळ पुण्याचा महामार्ग बंद ठेवावा लागला. शहरातल्या सगळ्या संस्था कामाला लागल्या. आमच्याकडं तर काय मागणी आली असेल? कडक भाकरीची! चूल नाही, सरपण भिजलेलं, अशा ठिकाणी महिनाभर टिकणारी भाकरी आणि कोरडी चटणी यासारखं दुसरं अन्न नाही. बायका रात्ररात्र भाकऱ्या थापत होत्या आणि भाकऱ्या न्यायची गाडी चाचांच्या शेडमध्ये तीन चाकांवर उभी.

त्या संध्याकाळी एका ओळखीच्यानं सांगितलं, ‘बाई, आत्ता बाजारातला सेट आणतो, तासाभरात गाडी बाहेर काढतो. पूरग्रस्तांचं काम आहे, थांबता कशाला?’ कंपनीचा सेट आणि सिलिंडर यायला दोन दिवस लागणार होते. मनात आलं, एवढी एक खेप होऊ दे. पण ताईच म्हणाल्या, ‘नको. माझं पोरगं बसणार हाय त्यात.’ त्यावर बोलायला काही उरलंच नाही. आम्ही दोन दिवस भाड्याचा टेंपो केला.

त्या वेळी ब्रेकचं काय काय घातलं ते सांगते, कारण नुसते लायनर बदलून भागत नाही. दोन्ही चाकांचे शू, दोन्हीकडचे व्हील सिलिंडर, नवं ब्रेक ऑइल, आणि ड्रम लेथवर घासून एकसारखे करून घेतले. एका बाजूचं बिघडलं तरी दोन्ही बाजूंचं एकदम बदलायचं, नाहीतर ब्रेक दाबल्यावर गाडी एका अंगाला ओढते. ड्रमही कितीही वेळा घासून चालत नाही. किती व्यासापर्यंत घासायचा ते बहुतेक ड्रमवर कोरलेलं असतं, त्यापुढं गेला की भंगारात. आणि ब्रेक ऑइल सीलबंद डब्यातलंच. ते हवेतला ओलावा शोषून घेतं, त्यामुळं उघड्या पडलेल्या डब्यातलं उरलंसुरलं तेल घालणं म्हणजे मूळ दुखण्याला पुन्हा आमंत्रण. शू १,०५०, सिलिंडर १,३००, तेल ३५०, लेथचे ६००, मजुरी १,२००. एकूण साडेचार हजार. चारशे वाचवायला गेले होते मी!

भाकऱ्यांची गडबड ओसरली तशी खरी बैठक बसली. चाचांनी बजावलं होतं, की ब्रेक झाला, पण गाडीचं बाकी दुखणं पुष्कळ आहे. क्लच घसरतोय, पाणी तापतंय, स्टिअरिंग डुगडुगतंय, पाट्यांचे बुश गेलेत, मागचा फाळका गंजून लोंबतोय. सगळं कंपनीचं घातलं तर ६२ हजार, सगळं हलकं घातलं तर ३१ हजार. ताईंना गटाकडून कर्ज हवं होतं. आमचा गट बारा जणींचा. एकीचं म्हणणं, ‘आता सगळं ओरिजनलच घाला, परत विषाची परीक्षा नको.’ दुसरीचं, ‘एवढ्या जुन्या गाडीत साठ हजार घालायचे? विकून टाका.’ नवी घ्यायची तर महिन्याला वीस हजारांच्या घरात हप्ता. तो कुणी भरायचा?

तिढा सुटेना. मग आमच्यातल्या एक मावशी, शाळा चौथीपर्यंत झालेली, भाकरी थापता थापता म्हणाल्या, ‘काय ओ बाई, कुकरच्या झाकणाचं हँडल मी बोळातल्या दुकानातनं आणते. सेफ्टी व्हॉल्व्ह आणत नाही. गाडीचं काय वेगळं असतंय?’

झालं! मी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं, तीन रकाने आखले आणि दुसऱ्या दिवशी चाचांपुढं जाऊन बसले. वही-पेन घेऊन पत्र्याच्या शेडमध्ये बसलेली बाई बघून येणारे-जाणारे हसत होते. हसू देत. त्या दोन दुपारी मी जे शिकले, ते बी. ए. ला तीन वर्षांत शिकले नव्हते.

पहिली गोष्ट कळली ती ही, की ‘ओरिजनल’ आणि ‘डुप्लिकेट’ असे दोनच प्रकार नसतात. गाडी बनवणारी कंपनी गाडीतली प्रत्येक वस्तू स्वतः बनवत नाही. इंजिनाच्या झडपा उघडझाप करणारा कॅमशाफ्ट घ्या. आपल्या अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत १९९२ साली स्थापन झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी देशातल्या आणि परदेशातल्या मोटार कंपन्यांना कॅमशाफ्ट पुरवते. कोल्हापूरच्या मेनन मंडळींचे पिस्टन आणि बेअरिंग असेच कितीतरी इंजिनांत बसतात. डिझेलचे पंप करणारी जुनी ‘मायको’ म्हणजेच २००८ पासूनची बॉश. शॉक अब्सॉर्बर, क्लच, फिल्टर, बेअरिंग, सगळ्यांचे असे वेगवेगळे कारखाने. तेच कारखाने आपल्या नावाच्या खोक्यातही तीच जातीची वस्तू बाजारात विकतात. म्हणजे पहिला प्रकार, गाडीच्या कंपनीच्या खोक्यातला माल. दुसरा, तिला पुरवठा करणाऱ्या नामांकित कारखान्याच्या खोक्यातला, बहुतेक वेळा थोडा स्वस्त आणि तितकाच भरवशाचा. तिसरा, कुणीतरी स्वतःच्या नावानं बनवलेला साधा लोकल माल. हा खोटा नसतो, पण गुणाची खात्री नसते. चौथा, दुसऱ्याच्या नावाचं खोकं छापून विकलेला नकली. हा सरळसरळ फसवणुकीचा. आणि पाचवा, भंगारात निघालेल्या गाडीचा जुना माल. माझे चारशे रुपये तिसऱ्या प्रकारात गेले होते.

आता आमचे तीन रकाने सांगते.

पहिला रकाना मी लिहिला, ‘जिवाचं’. ब्रेकचं सगळं सामान, स्टिअरिंगचे टाय-रॉड एंड आणि बॉल जॉइंट, चाकांची बेअरिंग, टायर. यातलं काहीही तुटलं तर माणूस जातो, आपला किंवा रस्त्यावरचा. इथं पहिला किंवा दुसरा प्रकारच, तोही पक्क्या बिलावर. जुना माल अजिबात नाही. टायरवर आयएसआयची खूण बघायची आणि बाजूला लंबगोलात चार आकडे असतात तेही वाचायचे. २३२४ असेल तर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नवाकोरा दिसणारा टायर दुकानात पाच वर्षं पडून असू शकतो. रबर न वापरताही म्हातारं होतं.

दुसरा रकाना, ‘मजुरीचं’. हा मला सगळ्यात आवडला, कारण यात गृहिणीचं गणित आहे. काही वस्तू स्वस्त असतात, पण तिथपर्यंत पोचायला अर्धी गाडी उतरवावी लागते. क्लच बदलायचा म्हणजे आख्खा गिअरबॉक्स खाली घ्यायचा. मग एकटी क्लच प्लेट घालून गप्प बसायचं नाही. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग असा सेटच घालायचा. फ्लायव्हीलचा पृष्ठभाग तपासायचा आणि तिथंच इंजिनाच्या मागच्या टोकाला जे ऑइल सील असतं, ते झिरपत असेल तर त्याच वेळी बदलायचं. सील काहीशे रुपयांचं. पण ते राहिलं आणि दोन महिन्यांनी गळायला लागलं, तर नव्या क्लचला तेल लागून तो जातो, आणि गिअरबॉक्स उतरवायची मजुरी पुन्हा. कपाट सरकवलंच आहे तर मागची जळमटंही काढून घेतो की नाही आपण? तसंच. असल्या ठिकाणी वस्तूत पाचशे वाचवणं म्हणजे मजुरीत तीन हजार घालवणं.

याच रकान्यात इंजिनाचं पोट सांभाळणाऱ्या वस्तू येतात. ऑइल फिल्टर आणि डिझेल फिल्टर दिसायला डबाच. पण आतला कागद हलका असला तर कचरा सरळ पुढं जातो. डिझेल फिल्टरमध्ये दोनशे वाचवले आणि इंजेक्टर खराब झाले, तर हजारांत जातं.

पाणी तापण्याचं तर आपल्या सोलापुरात विचारू नका. मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांना टेकतो. इंजिन तापायला लागलं, की इकडं सर्रास एक उपाय करतात, थर्मोस्टॅटच काढून फेकून देतात. हा थर्मोस्टॅट म्हणजे इंजिनातल्या पाण्याच्या वाटेवरचा दरवान. इंजिन पुरेसं गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडं जाऊ देत नाही, मग वाट मोकळी करतो. तो काढला, की इंजिन नीट गरमच होत नाही, डिझेल जास्त खातं आणि आतली झीज वाढते. मूळ दुखणं असतं बुजलेला रेडिएटर, दमलेला वॉटर पंप किंवा फुगलेले पाइप. आमच्या गाडीचा थर्मोस्टॅटही असाच कधीतरी काढलेला निघाला! आणि रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी. आपल्या बोअरच्या पाण्यानं तपेल्याला आतून पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसणार. म्हणून रेडिएटर साफ करून घेतला, थर्मोस्टॅट आणि पाइप नवे घातले, नळाचं पाणी बंद आणि मिसळून ठेवलेलं कूलंट सुरू.

तिसरा रकाना, ‘दिसण्याचं आणि सोयीचं’. मागचा फाळका, दरवाजा, आरसा, सीट, बंपर. इथं जुना माल खुशाल घ्यावा, लोकलही चालतो. आम्ही फाळका भंगारातून आणला आणि वेल्डिंग करून रंगवला. स्टार्टर आणि डायनॅमो नवे घेण्याऐवजी चांगल्या ऑटो-इलेक्ट्रिशियनकडून भरून घेतले. पाट्यांचे बुश मात्र नामांकित कारखान्याचे घातले. पाट्यांवरून एक सांगते. एक पाटा जादा घातला की वजन जास्त भरता येतं, असा पुष्कळांचा समज असतो. पाटा जादा घातला म्हणून ब्रेक मोठा होत नाही आणि चॅसिसला बळ येत नाही. आरसी बुकात लिहिलंय तेवढंच वजन.

अशी छाननी केल्यावर आकडा आला ४३ हजार. ६२ नाही आणि ३१ ही नाही.

दुकानात जाताना काय करायचं, तेही चाचांनी शिकवलं. नुसतं ‘अमुक गाडीचा क्लच द्या’ म्हणायचं नाही. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक सामान बदलतं. बीएस-४ देशभर लागू झालं एप्रिल २०१७ ला, बीएस-६ एप्रिल २०२० ला, त्या त्या वेळी इंजिनाच्या भागांत बदल झाले. म्हणून आरसी बुकावरचा चॅसिस नंबर द्यायचा, म्हणजे दुकानदाराला नेमका पार्ट नंबर काढता येतो. शिवाय जुना भाग कापडात गुंडाळून सोबत न्यायचा आणि नव्याशेजारी ठेवून दात, भोकं, जाडी जुळवून बघायची. खोक्यावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, एमआरपी, ग्राहक सेवा क्रमांक हवाच. छपाई अंधूक, इंग्रजी स्पेलिंग चुकलेलं, होलोग्राम नुसता चमकणारा कागद, असं काही दिसलं की हात मागं. क्यूआर कोड असेल तर तिथल्या तिथं मोबाईलवर तपासावा. फार स्वस्त मिळतंय, यालाच आधी घाबरावं.

आणि बिल! ‘बिलाशिवाय घ्या, टॅक्स वाचेल’ हे वाक्य आपण किती वेळा ऐकतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून, म्हणजे आमच्या गाडीचा ब्रेक गेल्याच्या दुसऱ्याच दिवसापासून, गाड्यांच्या सगळ्या सुट्या भागांवर एकच १८ टक्के जीएसटी झाला. आधी बऱ्याच भागांवर तो २८ टक्के होता. तेव्हा आता तर बिल न घेण्याचं तेवढंही निमित्त उरलेलं नाही. बिल नसेल तर वस्तू बदलून मिळत नाही आणि तक्रार कुठं करायची तर हातात पुरावा नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, तो मी गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय. मिस्त्रीकडून काढलेला जुना भागही मागून घ्यावा. खरंच बदललाय का ते कळतं, आणि भंगारात चार पैसे येतात.

राहिला प्रश्न, एवढ्या जुन्या गाडीत पैसे घालावेत का? चाचांनी त्याचं उत्तर खर्चाच्या आधी शोधलं. गाडी वर चढवून चॅसिसला कुठं तडा किंवा गंज आहे का ते बघितलं. इंजिन चालू ठेवून तेलाचं झाकण उघडलं, तिथून धुराचा लोट येत नव्हता. रेडिएटरच्या पाण्यात तेलाचा तवंग नव्हता. कॉम्प्रेशन मोजलं, चारही सिलिंडरचं जवळजवळ सारखं. ‘हाडं शाबूत हायेत बाई, सांधे दुखतात,’ म्हणाले. हाडं गेली असती तर ४३ हजारही वायाच. व्यवसायाच्या गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस काढावा लागतो, तेव्हा आता दर वर्षी त्याआधी ही तपासणी करायची असं ठरलंय.

पैशांचं असं झालं, की १३ हजार ताईंनी साठवलेले होते. ३० हजार गटानं महिना एक टक्क्यानं दिले, दहा हप्त्यांत फेडायचे. बारा जणींचे अंगठे आणि सह्या झाल्या. ‘विकून टाका’ म्हणणाऱ्या वहिनींनीच पहिली सही केली.

ब्रेकचं काम झालेल्या दिवसाचं सांगायचं राहिलंच. सेट आला, चाचांनी रात्री दिवा लावून बसवला आणि सकाळी रिकाम्या रस्त्यावर पाच-सहा वेळा ब्रेक मारून बघितला. मग भाकऱ्यांची पोती भरली. मी आणि ताई पुढं मुलाशेजारी बसलो आणि मोहोळ तालुक्यातल्या सीनाकाठच्या एका गावाला निघालो. पाणी ओसरलं होतं, रस्त्यावर गुडघाभर चिखल. एका ठिकाणी ओढ्याच्या पाण्यातून गाडी काढावी लागली. पलीकडं गेल्यावर मुलानं हलकेच दोन-तीनदा ब्रेक दाबला. ‘लायनर ओले झाले की धरत नाहीत, वाळवून घ्यायचे,’ म्हणाला. गावात पोचलो, तर शाळेच्या ओट्यावर बायका बसलेल्या. घरातलं होतं नव्हतं ते वाहून गेलेलं. एका म्हातारीनं भाकरी हातात घेतली, मोडली, आणि चटणीला बोट लावून म्हणाली, ‘आमच्यासारखीच केलीय की.’

परत आल्यावर मिस्त्रींनी चाकांच्या हबमधलं ग्रीस आणि मागच्या डिफरन्शियलचं तेल बघून घेतलं. पाण्यातून गाडी गेली की हे बघावंच लागतं. तेल दुधाळ झालं असेल तर पाणी शिरलंय समजायचं.

गटाच्या वहीत ‘ब्रेक-लायनर, बचत रु. ४००’ ही नोंद अजून आहे. खाडाखोड करायची नाही हा आमचा नियम. परवा हिशेबाला बसले तेव्हा मी त्याखाली लाल शाईनं साडेचार हजारांचं बिल टाचलं. ताईंनी ते बघितलं, काही बोलल्या नाहीत. फक्त जाताना म्हणाल्या, ‘बाई, पोरगं तुळजापूरला चाललंय उद्या माल घेऊन. तुम्हाला कुंकू आणू का?’

‘आणा,’ म्हटलं.